बाराच्या पुढे

फोटो परत घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. डोळे मिटलेत, गाल सुजल्यासारखे आलेत, माझे कान एवढे मोठे नाहीत हो. तीस वर्षं स्टुडिओच्या काउंटरमागे उभं राहिल्यावर त्यांना द्यायची उत्तरं तोंडपाठ होतात, मला तर ती झोपेतसुद्धा देता येतील. त्यामुळे त्या दुपारी पांढऱ्या गणवेशातली ती मुलगी आत आली आणि तिनं गळ्यातलं हॉस्पिटलचं ओळखपत्र काढून काउंटरच्या काचेवर ठेवलं, तेव्हा मी न बघताच हसून म्हटलं, "पुन्हा काढू या की, त्यात काय एवढं!" ती हसली नाही. ओळखपत्रावर बोट ठेवून म्हणाली, "ही मी नाही."

मी ओळखपत्र उचललं. तीन आठवड्यांपूर्वी हॉस्पिटलच्या शिकाऊ परिचारिकांची नवी तुकडी आमच्याकडे आली होती. साठ जणींना एकामागून एक स्टुलावर बसवून मी दोन तासांत काम उरकलं होतं, त्यातलाच हा फोटो. नाक तेच होतं, भुवईजवळचा बारीक व्रण तोच होता, ओठ घट्ट मिटून घेण्याची तऱ्हाही तीच. रंग तेवढा तिचा नव्हता. फोटोतली मुलगी गव्हाळ होती, गव्हाळाहूनही जरा उजळ. समोर उभी होती ती काळी होती. "तुम्हीच तर आहात," मी म्हटलं, "नीट बघितलं की कळतंच."

"नीट बघायला कुणाला वेळ आहे?" ती म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं, भराभर आणि एकाच सुरात, कारण ते ती सकाळपासून बऱ्याच जणांना सांगून आली असणार. पहिले काही दिवस फाटकावरच्या माणसानं कुरकुर करत आत सोडलं होतं. आज नवा माणूस होता. त्यानं कार्ड तिच्या गालाजवळ धरून बघितलं आणि तिला तडक ऑफिसात नेलं. तिथल्या मोठ्या बाईंनीही कार्ड गालाजवळ धरून बघितलं. परीक्षा एकीनं दिली आणि कामावर दुसरी आली, असा त्यांचा संशय. ती पुलापलीकडची, आणि पुलापलीकडची वस्ती म्हटल्यावर संशयाला जागा करून द्यावी लागत नाही. फोटो हिचाच आहे आणि त्यातला रंग स्टुडिओनं बदलला आहे, असं लेखी पत्र स्टुडिओच्या शिक्क्यासह पाचच्या आत आणून दे, नाहीतर नाव यादीतून काढतो आणि कागद पोलिसांकडे पाठवतो. साडेतीन वाजून गेले होते. "वस्तीतून या वर्षी मी एकटीच लागलेय," ती म्हणाली. आणि मग, जरा थांबून, "मॅडम, तुम्ही रंग का बदललात?"

"सगळ्यांचाच करतो थोडा उजळ," मी म्हटलं. "छान दिसतं म्हणून."

"मी सांगितलं होतं?"

नव्हतं सांगितलं. कुणीच सांगत नाही. सांगायची गरजच पडत नाही, हे मी तिला म्हणू शकले नाही. संगणकावर फोटो उघडला की माझं बोट आपोआप एका बटणापाशी जातं. एकदा दाबलं की चेहरा एक पायरी उजळतो. आमच्या रस्त्यावरच्या सावळ्या माणसासाठी दोनदा. पुलापलीकडच्या माणसासाठी चारदा. हा नियम कुठं लिहिलेला नाही आणि मी तो कधी केलाही नाही. पण त्या क्षणी काउंटरवर टेकलेलं माझं उजवं बोट मला दिसलं आणि दोन आणि चार हे आकडे मला स्वच्छ आठवले. मी इतकी वर्षं मोजत आले होते. मोजायची सवय मला फार लहानपणापासून आहे. त्या सवयीचं घरात कौतुक होतं. मुलीला मी बाकावर बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि "शिक्का बाबांकडे आहे, आणते" असं म्हणून पाठ वळवली. आत जायला मला दहा पावलं पुरतात. त्या दिवशी ती संपता संपेनात.

मी मधल्या अरुंद खोलीत थांबले. आता तिथं कागदाचे गठ्ठे आणि मोडके स्टँड असतात, पूर्वी ती डार्करूम होती. भिंतीला अजून औषधांचा आंबूस वास येतो, किंवा मला येतो. याच खोलीत मी सहाव्या वर्षी नोकरीला लागले, असं बाबा गमतीनं सांगायचे. फोटो मोठा करायच्या एन्लार्जरखाली कागद ठेवून ते दिवा लावायचे आणि म्हणायचे, "मोज." आणि मी मोजायची. एक, दोन, तीन. घाई नाही, रेंगाळणं नाही. घड्याळ चुकेल पण माझी पोरगी चुकायची नाही, असं ते गिऱ्हाइकांना सांगत आणि मी दोन बोटं उंच होत असे. साध्या फोटोला बारा. बारा म्हटलं की दिवा बंद. मग कागद ट्रेमध्ये जायचा आणि लाल उजेडात पांढऱ्यातून आधी केस, मग डोळे, मग उरलेला माणूस हळूहळू वर यायचा. एक सेकंद जास्त दिला तरी माणूस काळवंडतो, हे मला बेरीज-वजाबाकीच्या आधी समजलं होतं. आणि त्याच्याही आधी, निगेटिव्हवर बाबा अणकुचीदार पेन्सिलीनं जे बारीक काम करायचे, त्यानं माणूस उजळतो हे समजलं होतं. पेन्सिल सगळ्यांनाच लागायची. मलाही. माझे पहिल्या वाढदिवसापासूनचे फोटो ओळीनं लावले तर मी दर वर्षी थोडी गोरी होत गेलेली दिसते. शाळेत एकदा ते नेले तेव्हा बाकावरची मैत्रीण म्हणाली होती, ही तुझी बहीण का गं?

बाबा नाकासमोर चालणारे. रस्त्यावर कुणाचं भांडण झालं की निवाड्याला त्यांना बोलवायचे. त्या काळी पुलापलीकडच्या माणसांचे केस आमच्या रस्त्यावरचा न्हावी कापायचा नाही, शिंपी मापं घ्यायचा नाही, घेतलीच तर हात न लावता घ्यायचा. बाबांनी मात्र त्यांना आत घेतलं, सगळ्यांच्याच खुर्चीवर बसवलं. "आपल्या कॅमेऱ्याला सगळे सारखे," हे त्यांचं वाक्य रस्त्यात माहीत होतं. काहींनी आमच्याकडे येणं सोडलं, तरी बाबा बधले नाहीत. मला त्यांचा केवढा अभिमान वाटायचा! कॅमेऱ्याला सगळे सारखे आणि नंतर पेन्सिलीनं सगळे आणखी सारखे, यात काही खोट आहे असं त्या वयात कसं कळणार? आणि पुढं कळायच्या वयात ते कळून घ्यायची मला हौस नव्हती.

पडदेवाले काका त्याच पुलापलीकडून यायचे. स्टुडिओत माणसांच्या मागं सोडायचे मोठे पडदे ते रंगवत. कमळांचं तळं, खांबांचा सज्जा, कुठंच न जाणारा एक रुंद जिना. वर्षातून दोनदा येऊन उडालेला रंग पुन्हा भरत. उंच, काटकुळे, आणि बोलणं सगळं तिरकस. "हा जिना चढून वर गेलात तर काय आहे माहितेय का?" ते मला विचारायचे. "काय?" "छत. डोकं आपटेल. म्हणून तुमचे बाबा लोकांना पहिल्याच पायरीवर उभं करतात." त्यांच्याकडून मी रंग कालवायला शिकले. तळ्यातलं एक कमळ माझं आहे, म्हणजे होतं. आमच्याकडे त्यांचा एक निळ्या काठाचा कप होता, मागच्या खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर उपडा ठेवलेला. चहा त्याच्यातच. मला वाटायचं, तो त्यांचा लाडका कप असणार, म्हणून आई तो इतरांच्या कपांत मिसळू देत नाही. एकदा मी तो आतल्या फळीवर, आमच्या कपांच्या रांगेत नेऊन ठेवला, काकांना मान मिळावा म्हणून. आईनं तो उचलून पुन्हा बाहेर ठेवला आणि फळी पुसली. काका दारात होते. त्यांनी बघितलं, आणि माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. ते डोळे मिचकावणं समजायला मला पुढं पंधरा वर्षं लागली. त्यांना माझी लाज झाकायची होती.

एका वर्षी जिन्याचा पडदा फार सुरेख झाला म्हणून बाबांनी त्यांचा फोटो काढला. स्वतःचा कोट घालायला दिला, तोही कोपरापाशी तोकडा. फोटो तयार झाला तेव्हा काका तो लांब धरून बघत राहिले. मग म्हणाले, "हे साहेब कोण? यांना सांगा, माझा कोट परत करा म्हणावं." आम्ही सगळे हसलो. बाबाही हसले. पेन्सिल चांगलीच चालली होती. निगेटिव्ह मात्र आमच्याकडेच राहिली, नाव-तारीख घातलेल्या पाकिटात, हजारोंच्या खणात.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात वाचनालयाच्या पायऱ्यांवर ग्रंथपालबाईंच्या गळ्यातली साखळी कुणीतरी ओढली. दिवेलागणीची वेळ होती, दिवे मात्र लागलेले नव्हते. बाई खाली पडल्या, डोक्याला मार लागला. तीन दिवस शुद्ध नव्हती. या बाई मला दर शनिवारी दोनऐवजी तीन पुस्तकं देत असत, त्यामुळे मी घरी रडून गोंधळ घातला होता. शुद्धीवर आल्यावर त्यांना एवढंच सांगता आलं की माणूस उंच होता आणि काळा होता. फार काळा. बस्स. पुलापलीकडची निम्मी वस्ती त्यात बसली असती. पोलिसांनी आमच्या रस्त्यावर कामाला येणाऱ्या माणसांची यादी केली आणि ज्यांचे फोटो मिळतील ते गोळा करायला घेतले. फौजदार आमच्याकडे आले, चहा प्यायले, यादीतली नावं वाचून दाखवली. बाबांकडे त्यांपैकी एकाचाच फोटो होता. "संध्याकाळपर्यंत देतो," बाबा म्हणाले.

त्या दुपारी आम्ही दोघं या खोलीत उभे होतो. मी अकरा वर्षांची. बाबांनी आधी एक फोटो नेहमीसारखा छापला. बारा म्हटलं, दिवा बंद. तो ट्रेमधून वर आला तसा त्यांनी लाल दिव्याजवळ धरला, बराच वेळ बघितला आणि बाजूला ठेवला. दुसरा कागद लावला. "मोज." मी मोजलं. बारा म्हटलं. दिवा चालूच. मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा मोठ्यानं म्हटलं, "बारा!" ते म्हणाले, "मोजत राहा." तेरा. चौदा. बाराच्या पुढचे आकडे या खोलीत मी कधी उच्चारले नव्हते. माझा आवाज मलाच परका वाटायला लागला. वीसला मी थांबून त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी मानेनंच पुढं म्हणून सांगितलं. सव्वीसला दिवा बंद झाला. मग कागद ट्रेमध्ये गेला आणि काकांचा चेहरा वर आला, पूर्ण झाला, आणि थांबला नाही. गाल गेले. नाकाची कड गेली. कपाळ मागच्या जिन्याच्या सावलीत मिसळून गेलं. डोळ्यांचं पांढरं तेवढं उरलं. ते भीती वाटण्यासारखं होतं, आणि काकांची मला कधीच भीती वाटली नव्हती. "बाबा, जळाला," मी म्हटलं. "बरोबर आहे," बाबा म्हणाले आणि त्यांनी तो वाळत लावला.

ग्रंथपालबाईंनी तो फोटो बघितला आणि म्हणाल्या, हाच. त्या खोटं बोलल्या नाहीत. त्यांना खरोखरच तो वाटला. पुढं समोरासमोर ओळख पटवायला नेलं तेव्हाही हाच म्हणाल्या, कारण तोवर फोटोतला चेहरा त्यांच्या डोळ्यांत बसला होता. काका म्हणाले, मी घरी होतो. त्यांच्या बायकोनंही तेच सांगितलं. बायको तेच सांगणार, असं सगळे म्हणाले. बाबांना कोर्टात बोलावलं. मी आईबरोबर मागच्या बाकावर बसले होते. फोटो तुम्हीच काढला? हो. फोटोतला माणूस हाच? हो. दोन्ही उत्तरं खरी होती. माझे बाबा कधीच खोटं बोलत नाहीत. काकांनी त्या वेळी बाबांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मी वळून आईच्या पदरात तोंड लपवलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यांना नऊ वर्षांची शिक्षा झाली. चौथ्या वर्षी छातीच्या दुखण्यानं ते आतच गेले. त्यानंतर त्यांची बायको आमच्याकडे आली, भिंतीवर लावायला एक फोटो हवा म्हणून. बाबांनी तो उजळ फोटो मोठा करून, चौकट घालून, काही न घेता दिला. रस्त्यात सगळे म्हणाले, एवढं झालं तरी या माणसाचं मन बघा. मीही तेच म्हणत होते. पण त्या बाईनं फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "असा नको. जसे होते तसे द्या." तसे बाबा देणार कुठून? आमच्याकडे तिचा नवरा दोनच तऱ्हांनी होता. शेवटी तिनं तो पदराखाली घेतला आणि ती पुलाच्या दिशेनं निघून गेली.

या सगळ्यात चाळीस वर्षं मी एका गोष्टीला धरून राहिले आहे. मला माहीत होतं की फौजदारांनी बाबांवर दबाव आणला. मी तो प्रसंग इतक्या वेळा मनाशी बघितला आहे की त्यातल्या फौजदारांच्या बोटातली अंगठीसुद्धा मला दिसते. ते काउंटरवर वाकून म्हणतात, बाईंनी काळा सांगितलाय, जरा गडद छापा. बाबा नाही म्हणतात. ते दुकानाचं, परवान्याचं काहीतरी सुचवतात. बाबांना आई दिसते, मी दिसते, आणि ते मान खाली घालतात. माझ्या प्रत्येक आवृत्तीत बाबा निदान एकदा तरी नाही म्हणतात. माणसानं भिऊन केलेलं पाप पोरीला पोटात घालता येतं. मी ते घातलं होतं. त्यावर माझं बरं चाललं होतं. लग्न केलं नाही, दुकान पुढं चालवलं, त्यांचं पथ्यपाणी बघितलं, आणि रोज संध्याकाळी त्यांना हात धरून रस्त्याच्या टोकापर्यंत नेताना लोक नमस्कार करत, तेव्हा मान ताठ ठेवली.

बाबा आतल्या खोलीत त्यांच्या जुन्या टेबलाशी बसले होते. त्र्याऐंशी वर्षं, पण कान तिखट. बाहेरचं सगळं ऐकलेलं होतं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "असं पत्र आपल्याकडून जात नाही."

"बाबा, तिची जागा जाईल. पोलिसांत देतायत तिला."

"नवा फोटो काढून दे. एकाला दोन दे. पण लेखी नको. आज हिला दिलंस की उद्या उरलेल्या एकोणसाठ येतील. मग शाळा येतील. साठ वर्षांचं नाव आहे." मग जरा मऊ आवाजात, "आणि आपण तिचं वाईट काय केलं गं? बरी दिसावी म्हणूनच ना?"

शिक्का त्यांच्या खणात होता. मी खण उघडायला वाकले, आणि तशी वाकलेलीच विचारून बसले, कारण त्यांच्या तोंडाकडे बघून ते मला विचारता आलं नसतं. "बाबा, पडदेवाल्या काकांचा फोटो गडद करा म्हणून फौजदारांनीच सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"छे!" बाबा म्हणाले. त्यांना आठवायलासुद्धा वेळ लागला नाही. "त्यांना काय कळतंय त्यातलं!"

मी उभी राहिले. "मग कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं कुणी? बाई काळा म्हणत होत्या, आणि आपल्या फोटोत तो साहेब झालेला. पेन्सिल मीच मारलेली. चूक आपली होती. मग दुरुस्त नको करायला? खोटा फोटो पोलिसांना देऊ?"

"दुरुस्त म्हणजे जेवढे काळे होते तेवढेच ना? सव्वीस?"

"आकडा कुठला लक्षात असणार मला."

"मला आहे. मी मोजत होते."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. खरंच विचार करत होते. टाळत नव्हते, त्यांच्या चेहऱ्यावर टाळणं कसं दिसतं ते मला माहीत आहे. मग म्हणाले, "अगं, अंदाजानं केला. त्यांचा रंग कोण एवढा बघत बसलं होतं?"

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलला कुलूप लावत होतं, ते लागत नव्हतं, पुन्हा पुन्हा आवाज येत होता. मला वाटत होतं, बाबांनी आता खोटं बोलावं. म्हणावं, फौजदारांनी सांगितलं होतं, मी विसरलो. आयुष्यात एकदा. मी त्यांच्यावर इतकं प्रेम केलं आहे की त्या एका खोट्यावर मी आणखी चाळीस वर्षं काढली असती. पण ते शांतपणे बसले होते, जाड चष्म्यातून माझ्याकडे बघत, आणि त्यांच्या मनात काहीच सलत नव्हतं. दहा वर्षं तो माणूस आमच्या घरी येत होता. त्याच्या हाताखाली मी कमळ रंगवलं. त्याचा कप वेगळा होता, त्याची चेष्टा ठाऊक होती, आपला कोट त्याला तोकडा होतो हे ठाऊक होतं. आणि तो नेमका किती काळा आहे, हे बघायला माझ्या बाबांना, दिवसभर माणसांच्या चेहऱ्यांकडे बघणाऱ्या माझ्या बाबांना, सवड झाली नव्हती. मी रडले नाही. मला त्यांचा राग आला, आणि त्याच्या पाठोपाठ त्याहून वाईट काहीतरी आलं. बाहेर बाकावर जी बसली होती तिचा रंग मला आठवेना. आता बघून आले होते. काळी, एवढंच आठवत होतं.

मी शिक्का घेतला. बाबांनी अडवलं नाही. फक्त म्हणाले, "शब्द जपून वापर."

बाहेर आले तेव्हा सव्वाचार झाले होते. आधी तिला स्टुलावर बसवून नवा फोटो काढला आणि जसा आला तसा छापला, दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले यंत्रासमोर, नाही तर बोटाचा भरवसा नव्हता. मग पत्र लिहायला घेतलं. "आमच्या स्टुडिओत गडद वर्णाच्या व्यक्तींचे फोटो त्यांना न विचारता उजळ करण्याची पद्धत आहे," असं पहिलं वाक्य मी लिहिलं. संगणकाच्या पडद्यावर ते उभं राहिलं आणि मी ते तीनदा वाचलं. एवढं साधं, सरळ वाक्य या दुकानात साठ वर्षांत कुणी लिहिलं नव्हतं. खाली बाबांच्या नावाचा शिक्का बसणार होता. हॉस्पिटलचं वर्षाचं काम, चार शाळांचं काम, संध्याकाळचे नमस्कार. कुणीतरी ते वाचून वर्तमानपत्राकडे देईल. कुणीतरी जुन्या गोष्टी उकरील, आणखी कुठले फोटो बदललेत म्हणून विचारील. बाबा त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. हे सगळं मी एका मिनिटात मोजलं, अगदी बिनचूक. मग ते वाक्य मागून पुढं खोडत गेले, आणि त्या जागी लिहिलं: "छपाई यंत्रातील तांत्रिक बिघाडामुळे सदर फोटोतील वर्ण मूळ वर्णापेक्षा फिकट आला असून फोटो याच व्यक्तीचा आहे. तसदीबद्दल दिलगीर आहोत." सही केली, शिक्का मारला.

तिनं पत्र उभ्यानंच वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा वरपासून वाचलं.

"यंत्र बिघडलं होतं?" तिनं विचारलं.

मी शिक्क्याची डबी बंद केली.

"मघाशी तुम्ही म्हणालात, सगळ्यांचाच करतो."

"पत्रात असं लिहिलं की ते लगेच मान्य करतील," मी म्हटलं. "तुमचं काम झाल्याशी कारण. पाचच्या आत पोचायचंय ना?"

मला वाटलं, ती पत्र फाडील, आणि तिनं ते फाडावं असंही क्षणभर मनापासून वाटलं. तिनं ते फाडलं नाही. घडी घातली, नव्या फोटोबरोबर पिशवीत ठेवली. "चालेल," ती म्हणाली. "त्यांना हेच बरं पडेल." दारापाशी गेल्यावर वळून तिनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला खरं लिहायला कुणी अडवलं होतं का?" मी आत बोट दाखवू शकले असते. बाबा आतून ऐकत होते. "नाही," मी म्हटलं. तिनं मान हलवली, जणू हे तिला माहीतच होतं, आणि ती पळत सुटली.

सव्वापाचला हॉस्पिटलच्या ऑफिसातून फोन आला. त्याच मोठ्या बाई होत्या. आवाजात आता गोडवा होता. पत्र पोचलं, मुलीला आत घेतलं, विषय संपला. "आम्हाला काय वाटलं होतं माहितेय का! पण तुमच्या वडिलांच्या दुकानाचा शिक्का बघितला आणि म्हटलं, मग प्रश्नच नाही. तेवढं यंत्र मात्र एकदा दाखवून घ्या हं, उगीच कुणाच्या पोटावर पाय यायला नको. पुढच्या महिन्यात दुसरी तुकडी पाठवते." मी "हो" म्हटलं. "आभारी आहे" असंही म्हटलं.

"काय म्हणाले गं?" बाबांनी आतून विचारलं.

"यंत्र दाखवून घ्या म्हणाले."

"मग घे की दाखवून," बाबा म्हणाले.

मी फोन खाली ठेवला. मला हायसं वाटलं. आधी दुकानासाठी वाटलं, मग बाबांसाठी, आणि त्या मुलीची आठवण मला सगळ्यात शेवटी झाली.